प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: सगळं झकास, ते 24 तास 5 मिनिटं सोडून

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर म्हणजे बॅकअप ठेवायचं सॉफ्टवेअर. ते इन्स्टॉल कसं करायचं, मेनू कुठे आहे, हे लिहीत बसत नाही. थेट वापराचं सांगतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशिन शॉपचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. एका सर्व्हरवर तीन व्हीएम, म्हणजे एकाच मशीनच्या आत चालणारे तीन आभासी कॉम्प्युटर, आहेत: टॅलीचं विंडोज, ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर आणि हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर. त्या तिसऱ्याची आठवण सगळ्यांना फक्त पगाराच्या आदल्या दिवशी येते. हे व्हीएम चालवायला आधी व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची फुकट आवृत्ती बंद झाली आणि आम्ही प्रॉक्समॉक्सवर आलो. 2025 मध्ये ती परत मिळायला लागली, पण आता कोण मागे जातंय? बॅकअप सर्व्हरची आवृत्ती 3.4. मशीन म्हणजे स्टोअरमध्ये पडलेला जुना डेस्कटॉप आणि 4 टीबीची साधी फिरती हार्ड डिस्क. एसएसडी वापरा, असं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. ते मालकांना दाखवलं. त्यांनी कोटेशन वाचलं, चष्मा काढला आणि डिस्पॅचचं विचारलं. विषय संपला.

आता माझं दुखणं. बॅकअप जुने झाले की प्रून करायचे, म्हणजे यादीतून काढायचे, ठीक आहे. पण प्रून केल्यावर जागा सुटत नाही. त्यासाठी गार्बेज कलेक्शन, म्हणजे कचरा उचलायचं काम, चालवावं लागतं, आणि ते चालवलं तरीही लगेच सुटत नाही! ड्रॉइंगवाल्या पोरांनी मशीनच्या ट्रायलचे मोबाइल व्हिडिओ फाइल सर्व्हरवर ओतले आणि बॅकअपची डिस्क भरत आली. मी जुने बॅकअप उडवले, कलेक्शन लावलं आणि लॉग बघत बसलो. 'रिमूव्ह्ड गार्बेज' शून्य. खाली 'पेंडिंग रिमूव्हल्स' म्हणून भलामोठा आकडा. म्हणजे कचरा आहे हे त्याला कळतंय, फक्त उचलायचा नाही. का, तर 24 तास 5 मिनिटं थांबायचं. चोवीस तास एक वेळ समजू शकतो, वरची पाच मिनिटं कसली? आमच्याकडे वीज जाते तीसुद्धा इतका हिशेब ठेवून जात नाही.

चार डिस्क लावलेल्यांना हे चिल्लर वाटेल. एकच डिस्क असलेल्या माणसाला रात्रीचा बॅकअप बसेल की नाही याची धाकधूक असते. त्या दिवशी हे सामान काढून टाकावं असंच वाटलं होतं.

मग खोलात गेलो. व्हीएमच्या डिस्कचे 4 एमबीचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला त्याच्या एसएचए-256 वरून, म्हणजे आतल्या डेटावरून काढलेल्या ठशावरून, नाव मिळतं, आणि तोच तुकडा दहा बॅकअपमध्ये असला तरी डिस्कवर एकदाच राहतो. म्हणून 'हा बॅकअप उडवला, त्याचे तुकडे फेका' असं करता येत नाही, दुसरा कुणीतरी तेच वापरत असतो. कलेक्शन आधी वापरातल्या सगळ्या तुकड्यांना हात लावून त्यांची 'शेवटची वाचन-वेळ' ताजी करतं, मग ज्यांची वेळ जुनी राहिली ते फेकतं. गोम अशी की लिनक्स डिस्कचं काम वाचवायला ही वेळ साधारणपणे 24 तासांत एकदाच नोंदवतं. म्हणून 24 तास, आणि पाच मिनिटं वरची मोकळीक. अलीकडच्या आवृत्त्यांत ही मुदत कमीही करता येते, पण कारण कळल्यावर मी तिला हात लावलेला नाही. राग मात्र आहे.

पुढचं नंतर लिहिलंय, वळवाच्या पावसानंतर.

दुपारी गडगडाट, वीज दोन-तीनदा आली-गेली, आणि मुख्य सर्व्हर गप्प. तारीख 10. जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख 11. सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. आधी म्हणाले बोर्ड गेलाय, मग म्हणाले पॉवर सप्लाय, मग पार्ट बेंगळुरूहून मागवावा लागेल. शेवटी कळलं की आमच्या करारात मजुरी आहे, पार्ट नाहीत. करार वाचून दाखवला तर पलीकडचा म्हणतो, "सर, ते जुनं फॉरमॅट आहे." त्यांच्याशी भांडण अजून चालूच आहे, ते इथे नको.

डिझाइनकडचा एक पीसी रिकामा होता. त्यावर प्रॉक्समॉक्स चढवलं, बॅकअप सर्व्हर जोडला. बॅकअप एन्क्रिप्ट केलेले, आणि चावी होती मेलेल्या सर्व्हरवर. पण चावीचा कागद, ज्याला ते पेपरकी म्हणतात, छापून मालकांच्या तिजोरीत ठेवला होता. खंडेनवमीला तिजोरीची पूजा होते, त्यामुळे एका क्यूआर कोडच्या कोपऱ्यावर कुंकू होतं. मोबाइलने तरी तो बरोबर वाचला. चावी नसती तर डिस्कभर बॅकअप असूनही हातात काही नव्हतं. तो कागद छापला नसेल तर आधी छापा.

टॅलीचं व्हीएम 'लाइव्ह रिस्टोअर'ने उचललं. यात सगळी डिस्क उतरायची वाट बघावी लागत नाही. व्हीएम लगेच सुरू होतं, त्याला जो तुकडा लागेल तो आधी येतो आणि बाकीचे मागून भरत राहतात. चहा आला तेव्हा विंडोजची लॉगिन स्क्रीन समोर होती. आमच्या फिरत्या डिस्कमुळे ते गोगलगायीसारखं चाललं होतं, टॅली उघडायला इतका वेळ की अकाउंटंट काका दोनदा विचारून गेले, "काय हो, टॅली कवा चालू करूलालाय?"

एक धोका मात्र आहे आणि तो मॅन्युअलमध्ये लिहिलेला आहे: लाइव्ह रिस्टोअर मध्येच फसलं तर त्या काळात व्हीएममध्ये लिहिलेलं बहुधा जातं. म्हणून काकांना सांगितलं, रिपोर्ट काढा, फाइल एक्सपोर्ट करा, पण रिस्टोअर पूर्ण होईपर्यंत एकही व्हाउचर घालू नका. ते कीबोर्ड बाजूला सारून नुसत्या माउसने काम करत बसले. रिटर्न वेळेत गेलं.

तेव्हा वर जे चिडून लिहिलंय त्यात एवढी भर: 24 तास 5 मिनिटांची शिक्षा भोगायला मी तयार आहे.

एकच फाइल परत काढायची सोय मला याहूनही आवडली, कारण ती रोजच्या कामाची. एका गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगच्या रिव्हिजन 'बी'वर कुणीतरी 'सी' सेव्ह केलं आणि जॉब तर 'बी'प्रमाणे मशीनवर चढलेला. बॅकअप निवडला, फाइल रिस्टोअर दाबलं. मागे एक चिमुकलं व्हीएम उठतं, बॅकअपमधली डिस्क फक्त वाचण्यापुरती लावतं आणि फोल्डरचं झाड समोर येतं. त्या झाडातून ती एकच फाइल उतरवली, ऑपरेटरला दिली. अख्खं व्हीएम उतरवायची गरज नाही. दोन खोडी आहेत. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर आतलं काही दिसत नाही. आणि पूर्ण फोल्डर झिपमधून आणला तर विंडोजच्या परवानग्या सोबत येत नाहीत, त्या हाताने परत लावायच्या. आमच्याकडे पगाराचा फोल्डर असतो, तिथे हे विसरून चालत नाही.

दुसरी प्रत शिनोळीच्या युनिटला जाते, सिंक जॉबने. फक्त नवे तुकडे जात असल्याने साध्या ब्रॉडबँडवर भागतं. आमचा माल शिनोळीला जायचा तर राज्य बदलतं म्हणून कागदच कागद. डेटा रोज रात्री महाराष्ट्रात जातो, त्याला ई-वे बिल नाही की नाक्यावर कुणी अडवत नाही.

व्हेरिफाय जॉब लावाच. तो प्रत्येक तुकडा वाचून बिघडलेला नाही ना, हे पडताळतो. फिरत्या डिस्कवर तो कूर्मगतीने चालतो, म्हणून मी रविवारची रात्र दिलीय, शॉप बंद असतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते सांगायला नको. त्या 10 तारखेनंतर मालकांनी एसएसडीचं कोटेशन स्वतःहून परत मागवलंय. दोन टीबीची घ्यावी की चारची, यावर सध्या घासाघीस चालू आहे.