वननोट की ऑब्सिडियन : सेव्हचे बटण नसलेली वही निवडताना

वर्ड किंवा नोटपॅडमध्ये वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या माणसाला कंट्रोल-एस दाबण्याची सवय असते आणि तिच्यासोबत आणखी एक सोय नकळत अंगवळणी पडलेली असते. लिहिताना काही बिघडले, तर सेव्ह न करता फाइल बंद करायची, की जुना मजकूर जागच्या जागी सापडतो. आपोआप जतन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही वाट बंद होते, कारण चुकून पुसलेला परिच्छेदही तितक्याच तत्परतेने पुसलेल्या अवस्थेत जतन होतो. म्हणून टिपणांसाठी वननोट किंवा ऑब्सिडियनसारखे नवे सॉफ्टवेअर निवडताना दिसण्यापेक्षा दोन प्रश्न आधी विचारावेत, असे माझे ठाम मत आहे. लिहिलेले नेमके कोठे जाते आणि कालचा मजकूर आज परत कसा मिळतो?

मायक्रोसॉफ्टचे वननोट २००३ पासून वापरात आहे आणि त्याची रचना वही, विभाग आणि पान अशी ओळखीची असल्यामुळे नवशिक्याला ते लवकर समजते. पानावर कोठेही क्लिक करून लिहिता येते. सुरुवातीला यामुळे मजकुराच्या चौकटी इतस्ततः विखुरतात, पण पेनने आकृत्या काढणाऱ्या विद्यार्थ्याला हाच मोकळेपणा उपयोगी पडतो. वही साधारणपणे वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीत असते, आणि येथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा : टंकलेला मजकूर संगणकावर लगेच जतन होतो, परंतु इंटरनेट नसेल तर तो वनड्राइव्हपर्यंत नंतर पोहोचतो. लॅपटॉप बंद करून फोनवर पान उघडले आणि शेवटच्या ओळी दिसल्या नाहीत, तर बहुधा हेच कारण असते. विंडोजवर शिफ्ट आणि एफ-९ दाबून चालू वही हाताने सिंक करता येते, म्हणजे वनड्राइव्हवरील प्रतीशी जुळवून घेता येते, आणि जुन्या सवयीच्या बोटांना एवढे काम दिलेले बरे. मागे जाण्यासाठी पानाच्या जुन्या आवृत्त्या पाहण्याची सोय आहे, तर पुसलेली पाने वहीच्या रिसायकल बिनमध्ये ६० दिवस राहतात.

ऑब्सिडियनचा स्वभाव वेगळा आहे. २०२० मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टिपण ही आपल्याच संगणकावरील एका फोल्डरमधली साधी मार्कडाउन फाइल (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणारी मजकुराची फाइल) असते. ती नोटपॅडमध्येही उघडते, त्यामुळे उद्या ऑब्सिडियन सोडले तरी लेखन आपल्याच हाती राहते. टिपणाचे शीर्षक हेच फाइलचे नाव असते. ते देवनागरीत देता येते, मात्र तिरकी रेघ चालत नसल्यामुळे १२/५ अशी तारीख शीर्षकात घालता येत नाही. मजकूर काही क्षणांत जतन होतो, आणि ‘फाइल रिकव्हरी’ ही अंतर्गत सोय मूळ मांडणीनुसार किमान पाच मिनिटांच्या अंतराने प्रत काढून ती सात दिवस ठेवते. या प्रती त्याच यंत्रावर राहतात, त्यामुळे लॅपटॉप हरवल्यास त्याही जातात. फोन आणि संगणक जोडायचे तर ऑब्सिडियनची सशुल्क सिंक सेवा घ्यावी लागते किंवा क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीची, दुसरी व्यवस्था स्वतः बसवावी लागते. बॅकअपची जबाबदारी येथे पूर्णपणे वापरणाऱ्याची असते, आणि ती नियमाने पार पाडणार नसाल तर या वाटेला जाऊ नये.

गूगल कीप या गूगलच्या टिपणांच्या ॲपमध्ये शिकावे असे फारसे काहीच नाही, परंतु त्याची कचरापेटी सात दिवसांत रिकामी होते. वाणसामानाची यादी किंवा एखादा निरोप यापलीकडे मी त्यावर विसंबणार नाही.

वर्गातील टिपणे, बैठकींच्या नोंदी आणि घरातील इतरांबरोबर वाटून वापरायची वही यांसाठी वननोट घ्यावे. प्रबंध, अनुवाद किंवा अनेक वर्षे साठत जाणारे अभ्यासाचे लेखन असेल, तर ऑब्सिडियनसाठी घ्यावे लागणारे अधिकचे कष्ट योग्य ठरतात. निर्णयापूर्वी दोन्हींत एक निरुपयोगी टिपण लिहून त्यातला परिच्छेद पुसावा, सॉफ्टवेअर बंद करावे आणि काही वेळाने तो परिच्छेद परत आणून पाहावा. नव्या टिपणाची जुनी आवृत्ती तयार व्हायला थोडा अवधी लागतो, म्हणून लिहिणे आणि पुसणे यांत तेवढे अंतर ठेवावे.