गंधग्राहीचा एकेक रेणू पाहायचाय? जीएफपी, एसीपी की क्वांटम डॉट

वासाचे रिसेप्टर, म्हणजे गंधाचे रेणू पकडणारी पेशीच्या पटलावरची (बाहेरच्या आवरणावरची) प्रथिनं, नेहमीच्या एचईके-२९३ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत) हट्टीपणा करतात. प्रथिन तयार होतं, पण बरंचसं पेशीच्या आतच अडकतं. रिसेप्टर दिसावा म्हणून त्याला जोडायचं चमकतं लेबल निवडताना ही अडचण आधी डोळ्यांसमोर ठेवा. चमक किती, हा प्रश्न नंतरचा.

जीएफपी, म्हणजे स्वतःच हिरवं चमकणारं प्रथिन, सगळ्यात सोपं. रिसेप्टरच्या जनुकाला त्याचं जनुक जोडलं की काम झालं, वरून रंग घालायला नको. पण ते आतल्या साठ्यातही तितकंच चमकतं आणि त्या उजेडात पटलावरचा एकटा ठिपका हरवतो. टर्फ सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश पेशी ज्यावर बसतात त्या काचेपासून जेमतेम १००-२०० नॅनोमीटर आत जातो, तरी काचेलगतचा साठा दिसतोच. रिसेप्टरांची एकूण ये-जा पाहायला ते छान; एकेका रेणूसाठी मी वापरणार नाही.

एसीपी (अ‍ॅसिल कॅरिअर प्रोटीन) हा रिसेप्टरला जोडायचा छोटा प्रथिन-टॅग, जेमतेम ७७ अमिनो आम्लांचा. एन्झाइम बाहेरून त्यावर डाय, म्हणजे चमकणारा रंग, चिकटवतं. कोएन्झाइम-एला बांधलेला हा डाय पटल ओलांडत नाही, त्यामुळे पृष्ठभागावर पोचलेले रिसेप्टर तेवढे चमकतात. स्वित्झर्लंडमधल्या लॉझानच्या गटाने २००६ साली मानवी ओआर१७-४० या रिसेप्टरवर दोन्ही लावले: एकूण प्रवासासाठी जीएफपी, पटलावरच्यांसाठी एसीपी. जनुकाची अभिव्यक्ती कमी ठेवली तरच रिसेप्टर नीट पटलावर पोचतो, जास्त झाली की आत साचतो, हे त्यांना दिसलं. काही रेणू मोकळे फिरत होते, काही लहानमोठ्या कप्प्यांत. लिगँड (रिसेप्टरला बांधला जाणारा रेणू) बांधल्यावर सुमारे १९० नॅनोमीटरच्या छोट्या कप्प्यांत त्यांचं प्रमाण वाढलं. शिवाय डाय कमी आणि थोडाच वेळ दिला की ठिपके आपोआप विरळ होतात. ते एकमेकांवर चढले, तर कोणता माग कुणाचा हे सॉफ्टवेअरलाही कळत नाही.

एसीपीची खरी उणीव म्हणजे डाय काही सेकंदांत विझतो. क्वांटम डॉट, म्हणजे चमकणारा अर्धवाहकाचा सूक्ष्म कण, तिथे कितीतरी मिनिटं टिकतो. पण आवरणासकट तो १५-२० नॅनोमीटरचा धोंडा, मधेच लुकलुकतो, आणि स्ट्रेप्टॅव्हिडिनवाला (एकाहून जास्त जागी चिकटणाऱ्या प्रथिनाने मढवलेला) असेल तर दोन रिसेप्टर एकत्र बांधू शकतो. मग मोजलेला वेग रिसेप्टरचा की त्या जोडीचा?

बहुतेकांनी एसीपी घ्यावा. एकाच रेणूमागे मिनिटभर जायचं असेल तरच क्वांटम डॉट, तोही एकाच जागी बांधणारा. डाय निवडताना मात्र जपून: अ‍ॅटो ६४७एन हा डाय झळाळतो खरा, पण पटलाला नि काचेला उगाच चिकटतो. रिसेप्टर न घातलेल्या पेशींनाही त्याच दिवशी तोच डाय लावून पाहा. तिथेही ठिपके दिसले, तर त्या दिवसाचे माग मोजायला घेऊ नका.