टँगल टॉवर: खुनाचा तपास कमी, गप्पा जास्त, आणि तेच भारी आहे

लहान मिस्टरी गेम घेताना माझी एकच अट असते, एका वीकेंडला संपला पाहिजे. चाळीस तासांच्या व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं बघत, संवाद वाचत पुढे जायचे गोष्टीचे गेम) सुरू करायच्या आणि अर्ध्यात सोडायच्या, असं इतक्यांदा झालंय की आता हिंमतच होत नाही. टँगल टॉवर आम्हाला साधारण सहा तास पुरला, दोन रात्री, मी आणि धाकटा भाऊ, आणि मागे गवार निवडत बसलेली आई जिला गेममधलं काही कळत नाही पण खुनी कोण हे मात्र पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं.

गेम बनवलाय एसएफबी गेम्सने, म्हणजे लंडनची छोटी टीम, टॉम आणि ॲडम व्हियन या दोन भावांची. हा गेम २०१९ चा, आधी ॲपल आर्केड या ॲपलच्या गेम-सबस्क्रिप्शनवर आला, मग निन्टेन्डो स्विचवर आणि कॉम्प्युटरसाठी स्टीमवर. यातला नायक ग्रिमॉयर हा डिटेक्टिव्ह मूळचा त्यांच्या २००७ च्या फ्लॅश गेममधला (ब्राउझरमध्ये खेळायचे ते), २०१४ मध्ये त्याचा दलदलीतल्या खुनाचा एक मोठा गेम येऊन गेलाय. तो खेळला नसाल तरी काही अडत नाही, आम्हीही नव्हता खेळला.

गोष्ट अशी की तळ्याच्या मधोमध बेट, त्यावर विचित्र वाडा, त्यात फेलो आणि पॉइंटर अशी दोन खानदानं. फेलोंची सगळी नावं फ वरून आणि पॉइंटरांची सगळी प वरून, त्यामुळे पहिला तासभर फिट्झ कोण आणि फेलिक्स कोण यात गोंधळ उडतो. फ्रेया फेलोचा खून झालाय आणि पहिला संशयित कोण, तर चक्क एक चित्र.

आता काटेकोर बोलायचं तर ही पक्की व्हिज्युअल नॉव्हेल नाही, खोल्यांमधून फिरून वस्तूंवर क्लिक करायचं, कुलपं-पेट्या उघडायच्या वगैरे पण आहे. पण खरी मजा संवादात. हातात आलेला कुठलाही पुरावा कुठल्याही माणसाला दाखवता येतो आणि प्रत्येकाचं वेगळं उत्तर रेकॉर्ड केलेलं आहे, म्हणजे ज्याचा त्या वस्तूशी काडीचा संबंध नाही तोसुद्धा काहीतरी तिरकस बोलून जातो. इतर गेममध्ये अशा वेळी एकच ठरलेलं वाक्य येतं ना, 'मला याबद्दल माहीत नाही', आणि आपण दाखवणं सोडून देतो. इथे आम्ही मुद्दाम भलत्याच गोष्टी भलत्याच माणसांना दाखवत बसलो, पक्ष्यांचं वेड असलेल्या पेनेलोपीकडे तर चार-पाच वेळा गेलो, भाऊ म्हणाला ताई पुढे चल ना आता. पण अशाच टाइमपासमधून माणसं कळतात, कोण कुणाचं नाव निघालं की विषय बदलतो ते लक्षात राहतं. आणि ग्रिमॉयर आणि त्याची साथीदार सॅली यांची जोडी, तो फुशारकी मारणार आणि ती एका वाक्यात त्याची हवा काढणार, हे सहा तास चालूनही कंटाळा आला नाही.

आई मधेच म्हणाली, "अरे पोरगी गेली यांची, कुणाला दुःखबिख आहे का नाही?" आणि तिचं बरोबरच आहे. सगळे इतके विनोदी आहेत की खुनाचं ओझं कुठे जाणवतच नाही.

माझी मोठी तक्रार मात्र तर्क लावायच्या पद्धतीबद्दल आहे. कुणाच्या बोलण्यात विसंगती सापडली की तुकडे जोडून एक वाक्य तयार करायचं, अमक्याने तमकं केलं कारण अमुक, त्या छापाचं. कल्पना मस्त आहे, बरोबर जुळलं की अंगात डिटेक्टिव्ह संचारतो. पण चुकलं तर शिक्षा काहीच नाही. एका ठिकाणी आम्ही पंधरा-वीस मिनिटं अडकलो, शेवटी भावाने माउस घेतला आणि एकामागून एक तुकडे फिरवत सुटला, आणि लागला की तुक्का! उत्तर आधी मिळालं, ते बरोबर का आहे हे ग्रिमॉयरने नंतर समजावलं. एवढा हुशार लिहिलेला गेम आणि डोकं न चालवता पुढे जाता येतं, हे खटकलंच. दोन-तीन चुकांनंतर समोरच्याने तोंड बंद केलं असतं, थोडा वेळ बोललाच नसता, तरी आम्ही विचार करून क्लिक केलं असतं.

शेवटही घाईत आटोपलाय. पाच तास आरामात गप्पा आणि मग अर्ध्या तासात सगळे धागे धडाधड बांधून मोकळे. स्पॉयलर देत नाही, पण एक-दोन जणांचं नंतर काय झालं ते मला अजून पाहिजे होतं.

आवाज सगळे इंग्लिश, सबटायटल आहेत, त्यामुळे आईसाठी लाइव्ह मराठी डबिंग मीच करत होते आणि चित्रं-ॲनिमेशन इतकं बोलकं आहे की निम्मं तिला न सांगताच कळत होतं. भुवई उडाली, खांदे पडले, की ही म्हणणार "खोटं बोलतोय".

दुसऱ्यांदा खेळण्यात अर्थ नाही, खुनी कळला की संपलं. पूर्ण किमतीला थोडा महाग वाटेल, आम्ही सेलमध्ये घेतला. पाचपैकी चार. एकट्याने खेळू नका, कुणाला तरी शेजारी बसवा, फक्त माउस भावाकडे देऊ नका.

आणि हो, आईचा खुनी चुकला. ती म्हणते गेमच चुकलाय.