साधी टेप, डिजिटल टेप की लेझर? कोपऱ्यातल्या मापावरून ठरवा

दोन भिंतींमधल्या कोनाड्यात फळी बसवायची आहे. टेपचा हुक एका भिंतीला टेकवला, पट्टी ओढत दुसऱ्या भिंतीपर्यंत नेली आणि तिथे ती वाकवावी लागली. वाकलेल्या जागी आकडा ९१२ आहे की ९१५, हे खात्रीने सांगता येत नाही. साध्या टेपवर भागवावे की डिजिटल घ्यावी, याचा निकाल माझ्या मते याच कोपऱ्यात लागतो. स्क्रीन, मेमरी, ब्लूटूथ हा सगळा विचार त्यानंतरचा.

साध्या टेपची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण तिच्यावर उगाच ठपका येतो. तिचा हुक किंचित हलतो म्हणून ती बिघडली असे अनेकांना वाटते आणि ते रिव्हेट ठोकून घट्ट करतात. तो हुक मुद्दाम सैल ठेवलेला असतो. त्याच्या स्वतःच्या जाडीइतकाच, साधारण १ मिमी, तो मागेपुढे सरकतो. फळीच्या कडेला अडकवला की बाहेर येतो, भिंतीला टेकवला की आत जातो, त्यामुळे दोन्ही मापे बरोबर येतात. रिव्हेट ठोकले की त्यातले एक माप कायमचे चुकते. पट्टीवर छापलेला, अचूकतेचा वर्ग सांगणारा रोमन आकडाही पाहावा. युरोपीय वर्ग २ च्या पट्टीला १ मीटरवर ०.५ मिमी आणि ५ मीटरवर १.३ मिमी इतकी चूक माफ असते. घरकामाला एवढी अचूकता पुरते.

कोपऱ्यातले माप साध्या टेपनेही अचूक घेता येते. एका भिंतीला ३०० मिमीची स्टीलपट्टी टेकवा, मात्र तिचा शून्य अगदी टोकाशी हवा. ३०० वर बारीक रेघ मारा. मग समोरच्या भिंतीपासून त्या रेघेपर्यंत टेप धरा आणि आलेल्या आकड्यात ३०० मिळवा. पद्धत निर्दोष आहे. दुसरी पद्धत टेपच्या डबीवर लिहिलेली लांबी मिळवण्याची. तिथे अडचण अशी की तो आकडा घासून पुसला जातो आणि रबराचे कव्हर असलेली डबी भिंतीला दाबली की थोडी दबते.

पण कोनाडा क्वचितच काटकोनात असतो. गिलावा कुठे फुगलेला, कुठे बसलेला. म्हणून प्रत्येक फळीच्या उंचीवर पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन मापे घ्यावी लागतात आणि तिन्हींतल्या सर्वांत लहान मापातून २ ते ३ मिमी वजा करून फळी कापावी लागते. चार फळ्या म्हणजे बारा मापे, बारा रेघा, बारा बेरजा. त्यातल्या निम्म्या स्टुलावर उभे राहून, मान वर करून, उलटा आकडा वाचत करायच्या. दमलेला माणूस सातव्या-आठव्या मापाला हमखास पट्टी वाकवून अंदाज घेतो. चूक टेपची नसते, पण फळी तरी अडकतेच. मला साध्या टेपचा खरा जाच इथे वाटतो.

डिजिटल टेपचे एक बटण हे काम हलके करते. डबीची मागची कड भिंतीला टेकवायची, बटण दाबायचे, आणि स्क्रीनवर डबीच्या लांबीसकट माप येते. होल्ड केले, म्हणजे आकडा तसाच धरून ठेवला, की टेप खाली आणून उजेडात आकडा वाचता येतो. पट्टी वाकवायची नाही, बेरीज करायची नाही, डोके कोपऱ्यात घालायचे नाही.

याच बटणाने सर्वांत मोठी चूकही होते. ते दाबायचे राहिले तर माप डबीच्या लांबीइतके कमी येते, आणि आधीच्या मापावरून ते चालूच राहिले तर तेवढेच जास्त. म्हणून आपल्या डबीची लांबी पाठ असावी. ती ८० मिमी असेल आणि दोन मापांतला फरक नेमका ८० निघाला, तर दुसरे कारण शोधत बसू नका. स्क्रीनवर मागच्या कडेचे चिन्ह दिसते आहे का, हे आकड्याच्या आधी पाहण्याची सवय लावा.

दुसरा धोका शून्य सरकण्याचा. काही डिजिटल टेपांमध्ये पट्टीसोबत एक बारीक चाक फिरते आणि त्याच्या फिरण्यावरून लांबी मोजली जाते. पट्टी झटक्यात सोडली की चाक घसरते आणि पुढची सगळी मापे तेवढ्याने चुकतात. काहींमध्ये पट्टीवर छापलेल्या खुणा प्रकाशाने वाचणारा सेन्सर असतो. तो घसरत नाही, पण गिलाव्याची किंवा लाकडाची पूड पट्टीवर बसली की गडबडतो. उपाय साधेच आहेत: पट्टी हाताने सावकाश आत सोडा, ड्रिलचे काम चालू असताना टेप बंद ठेवा, आत सोडण्यापूर्वी पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, आणि प्रत्येक नव्या कामाआधी शून्य करा.

स्क्रीनवर दशांश मिलिमीटर दिसतात म्हणून माप तेवढे अचूक झाले, असे मात्र मानू नका. पट्टी स्टीलचीच आहे आणि ती तिरकी धरली तर स्क्रीन तिरकेच माप दाखवणार. ६०० मिमीच्या मापात एक टोक ५० मिमी वर गेले तर आकडा २ मिमीने वाढतो. २००० मिमीच्या मापात टोक तेवढेच वर गेले तर तो जेमतेम ०.६ मिमी वाढतो. म्हणजे हात सरळ ठेवण्याची काळजी छोट्या मापांत जास्त घ्यायची. आपण नेमके उलट करतो.

इंचांत काम करणाऱ्यांनी एक सेटिंग आधीच तपासावे. स्क्रीनवर ४७.४ दिसले की पुष्कळ जण ते ४७ इंच ४ सूत असे लिहून घेतात. ४ सूत म्हणजे अर्धा इंच, .४ नव्हे. फरक अडीच मिलिमीटरचा, आणि तेवढ्याने दार घासते. स्क्रीन अपूर्णांकात ठेवा. मिलिमीटरमध्ये सगळे काम करता आले तर फारच बरे.

लेझरबद्दल थोडक्यात. छताची उंची, खोलीची लांबी, एकट्याने चार-पाच मीटरचे माप घेणे, यात लेझरला तोड नाही आणि कोपऱ्याचा प्रश्नही त्याला नाही, कारण तो स्वतःच्या मागच्या कडेपासून मोजतो. पण लेझरला पुढे आपटायला काहीतरी लागते. फळीची मोकळी कड, पाइपचे टोक, दोन छिद्रांमधले अंतर, टेबलाची रुंदी, घरकामातली अशी मापे त्याला पुठ्ठा किंवा गुण्या धरून द्यावी लागतात. काचेतून किरण आरपार जातो, उन्हात ठिपका दिसत नाही, आणि साध्या लेझरवर अचूकता बहुधा ±२ मिमी लिहिलेली असते. खोल्या मोजायच्या असतील तर लेझर घ्या. फळ्या कापायच्या असतील तर एकट्या लेझरवर भागेल, असे मला वाटत नाही.

आता डिजिटल टेपची जी उणीव बहुतेक तुलनांत येतच नाही ती सांगतो. माप घेणे हे अर्धे काम, खूण करणे हे उरलेले अर्धे. लाकडावर ३२, ६४, ९६ मिमीवर छिद्रांच्या खुणा करायच्या असतील तर स्क्रीनचा काही उपयोग नाही. तिथे छापील पट्टी फळीवर पसरून पेन्सिलीने रेघा माराव्या लागतात. काही मॉडेलांच्या पट्टीवर फक्त सेन्सरच्या खुणा असतात, आकडे नसतात. ती कितीही हुशार असली तरी घेऊ नयेत. मग डिजिटलने मापायचे आणि जुन्या टेपने खूण करायची असे होते, आणि दोन टेपांमध्ये एक-दीड मिमीचा फरक सहज निघतो. कोनाड्याचे माप आणि कापायची रेघ एकाच पट्टीवरून यावी. छापील पट्टीचा दुसरा फायदा असा की डबीच्या तोंडाशी दिसणारा आकडा स्क्रीनशी कधीही ताडून पाहता येतो आणि शून्य सरकले असेल तर तिथल्या तिथे कळते.

मेमरी आणि ब्लूटूथ चांगले आहेत, पण क्रम ठरवलेला नसेल तर फोनवर नुसते वीस आकडे जमतात. खिडकीची चौकट मापताना रुंदी वर, मध्ये, खाली, मग उंची डावी, मधली, उजवी, हा क्रम मोडू नका. शेवटी दोन्ही कर्ण घ्या. ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही. मग आत बसणारा ब्लाइंड सर्वांत लहान रुंदीवर आणखी थोडी जागा सोडूनच मागवावा लागेल.

तुमचे काम बहुतांशी टेबलावर फळ्या कापण्याचे असेल, तर चांगली वर्ग २ ची साधी टेप आणि एक स्टीलपट्टी तुम्हाला पुरेल. डिजिटलवर खर्च करायची तशी गरज नाही. पण चौकटीच्या आतली मापे वारंवार येत असतील, म्हणजे ब्लाइंड, कोनाडे, दोन भिंतींमधली कपाटे, तर माझा कल छापील पट्टीच्या डिजिटल टेपकडे आहे. विकत घेण्याआधी दोन गोष्टी हातात घेऊन करून पाहा. पट्टी १००० वर लॉक करा, आत सोडा, पुन्हा १००० वर आणा. असे दहा वेळा केल्यावर स्क्रीन आणि पट्टी जुळली पाहिजे. मग दाराच्या चौकटीची आतली रुंदी आधी स्टीलपट्टीच्या पद्धतीने घ्या आणि नंतर मागच्या कडेच्या बटणाने. दोन्हींत १ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर ती टेप परत ठेवा.