काडतुसं घरी भरायचा संच: आठ महिने वापरल्यावर

आईला फोनवर म्हणालो, "गॅरेजमध्ये बसून दारू भरतोय." पलीकडे दोन क्षण सामसूम. मग, "सूनबाईला दे जरा फोन."

ही दारू बंदुकीची. मी ॲरिझोनात, फिनिक्सला राहतो. एच-वन-बीवर असेपर्यंत इथे बंदूक बाळगता येत नाही (शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडून), त्यामुळे हा छंद ग्रीन कार्ड हाती आल्यावरचा. रायफल .३०८ विंचेस्टर (हे काडतुसाचं माप), बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्टची मूठ हाताने उचलून मागेपुढे करायची. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला इथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात वाचणाऱ्यांनी मात्र हे फक्त वाचावं. तिथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

ऑक्टोबरमध्ये संच घेतला. त्यात सिंगल स्टेज प्रेस (दर दांडी ओढीला एकच काम), दोन डाय (एक साचा झाडलेली पितळी पुंगळी दाबून परत मापात आणायचा, दुसरा तिच्या तोंडात गोळी बसवायचा), दांडीचा छोटा तराजू, दारू मापून टाकणारं यंत्र आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) हाताने बसवायचं अवजार. इलेक्ट्रॉनिक काटा आणि कॅलिपर वेगळे घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बिघाडाचा बराचसा वाटा माझाच निघाला.

आधी अवजारांबद्दल, थोडक्यात. प्रेस दणकट आहे, आठ महिन्यांत कुरकुर नाही. वापरलेले प्रायमर गोळा करायची वाटी मात्र निव्वळ शोभेची, निम्मे प्रायमर जमिनीवर, आणि त्यात शिशाची धूळ असते म्हणून बायको गॅरेजात अनवाणी येत नाही (बरोबरच आहे, तिथे काही खायचं नाही, काम झालं की हात साबणाने धुवायचे). दारूचं यंत्र बारीक दाण्याच्या दारूला ठीक. माझी दारू शेवयांच्या तुकड्यांसारखी लांबट, ती यंत्रात कचाकचा कापली जाते आणि प्रत्येक माप निराळं पडतं. मी ते यंत्र कमी माप टाकायला वापरतो आणि उरलेली दारू चिमटीने दाणा दाणा घालतो. प्रायमरच्या अवजाराने अंगठा दुखतो. पन्नास काडतुसांना तीन तास.

मापांची सवय व्हायला मला तोळ्याची मदत झाली. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. माझी सिएरा मॅचकिंग गोळी १६८ ग्रेनची, म्हणजे तोळ्याला जरा कमी. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे गुंज झाली पावणेदोन ग्रेनच्या थोडी वर. दारू मोजायची ती ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत. आमच्या गावच्या सोनाराने एका गुंजेचे अठरा-एकोणीस भाग करायला सांगितल्यावर चष्मा काढून ठेवला असता.

आता मुख्य दुखणं. शंभर यार्डांवर फेडरल कंपनीची गोल्ड मेडल मॅच ही विकतची काडतुसं माझ्या हातून पाच गोळ्यांचा साधारण एक इंचाचा घोळका (कागदावरच्या भोकांचा पसारा, जितका लहान तितका चांगला) देतात. मी भरलेली काडतुसं सव्वादोन इंच, एकदा तीन. इतकी मेहनत करून विकतच्यापेक्षा दुप्पट वाईट!

पहिले तीन महिने मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. दारू थोडी वाढवायची, तीन गोळ्या झाडायच्या, परत वाढवायची. (सुरुवात पुस्तकातल्या किमान मापापासून, आणि कमाल मापापलीकडे कधीच नाही. आकडे मी इथे देणार नाही; ते ज्या गोळीचे आणि दारूचे असतील त्यांच्या छापील तक्त्यातूनच घ्यावेत.) एका मापाला तीन गोळ्या अर्ध्या इंचात बसल्या. मी हर्षवायू झाल्यासारखा पन्नास भरली. पुढच्या शनिवारी तीच काडतुसं दोन इंच. हे मटक्यासारखं आहे. एकदा आकडा लागला की माणसाला वाटतं आपल्याला गणित कळलं. तीन गोळ्या योगायोगाने जवळ पडायला काही लागत नाही. आता मी एका बदलाला पाच-पाच गोळ्यांचे किमान चार घोळके मारल्याशिवाय वहीत काही लिहीत नाही. गोळ्या जास्त जातात, पण महिने वाचतात.

दुसरी चूक, एकाच वेळी दोन गोष्टी बदलणं. जानेवारीत प्रायमर आणि गोळीची खोली (ती पुंगळीत किती आत बसवायची ते) एकदम बदलली. घोळका थोडा सुधारला, आणि कशामुळे ते आजही सांगता येणार नाही.

फेब्रुवारीत शहाणपण आलं. रायफलच्या दस्त्याचे स्क्रू, स्कोपच्या बैठकीचे स्क्रू टॉर्क पान्याने तपासले, चिंधी निळी निघायची थांबेपर्यंत नळीतलं तांबं काढलं, नळी परत रुळायला दहा गोळ्या झाडल्या आणि मग फॅक्टरीची वीस मारली. घोळका तोच, एक इंच. म्हणजे रायफल बरी, स्कोप बरा, आणि माझा खांदाही बरा. दोष काडतुसातच. ही वीस काडतुसं मी पहिल्या दिवशी मारली असती तर निम्मी वणवण वाचली असती.

मग संशय दारूवर. बेन एव्हरी रेंजवर शेजारच्या बेंचवर एक निवृत्त मशिनिस्ट काका बसतात. त्यांनी त्यांचा रडारचा वेगमापक वापरायला दिला. दहा गोळ्यांत सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांत ९२ फूट प्रतिसेकंद फरक. घरी येऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर चाचणीचं वजन ठेवून पाहत बसलो. वीस मिनिटांत तो स्वतःच ०.३ ग्रेन सरकला, आणि पंखा त्याच्यावर वारा घालत होता. पंखा बंद, काटा बाजूला, संचातला दांडीचा तराजू पुढे. फरक ९२ वरून ३४ वर आला. मी पेढे वाटायच्या बेतात होतो.

घोळका दोन इंच.

इथे कागदावर थोडं गणित मांडलं, जे आधीच मांडायला हवं होतं. शंभर यार्डांत ही गोळी नळीच्या रेषेखाली जेमतेम अडीच इंच उतरते. वेगात नव्वद फुटांचा फरक पडला तर ते उतरणं सुमारे सात टक्क्यांनी बदलतं, म्हणजे इंचाचा पाचवा भागही नाही. लांबच्या अंतरावर हाच फरक जिव्हारी लागेल. पण शंभर यार्डांवरचे दोन इंच त्यातून येणं शक्यच नव्हतं. शिवाय माझे घोळके उभे लांबट नव्हते, चहूबाजूंना पसरलेले होते. कागद मला ओरडून सांगत होता, मी तराजू पुसत होतो.

काकांनी माझं एक काडतूस घेतलं आणि बेंचच्या काचेवर नुसतं घरंगळवलं. गोळीचं टोक सायकलचं चाक आऊट व्हावं तसं डुलत होतं. फॅक्टरीचं घरंगळवलं, ते स्थिर. त्यांचं मोजमापाचं घड्याळ लावलं तर माझ्या गोळ्या इंचाच्या हजारात सात-आठ भाग आऊट, फॅक्टरीच्या दोन.

प्रत्येक पायरीनंतर मोजत मागे गेलो. झाडलेली पुंगळी सरळ. डायमधली मधली सळई काढून पुंगळी दाबली, तरी सरळ. सळई परत घातली की मान (गोळी धरून ठेवणारा पुंगळीचा अरुंद भाग) वाकडी. त्या सळईवर एक गोळा असतो, जो बाहेर येताना पुंगळीची मान आतून ताणून मापात आणतो. मी पुंगळीला बाहेरून वंगण लावत होतो, मानेच्या आत कधीच नाही. कोरड्या मानेतून तो गोळा खेचताना किंचाळल्यासारखा आवाज यायचा. चार महिने तो आवाज मी ऐकला आणि प्रेसचाच समजलो.

उपाय फुकटचा निघाला. बारीक ब्रशने मानेच्या आत ग्राफाइटची पूड, आणि गोळा मानेत असतानाच सळईचा नट आवळायचा म्हणजे तो मधोमध बसतो. किंचाळी बंद, आऊट दोन-तीन हजारांशावर, आणि चार घोळक्यांची सरासरी सव्वा इंच. गोळीची खोली टोकापासून न मोजता तिच्या फुगीर भागापासून मोजायला लागल्यावर आणखी थोडं खाली, सव्वावरून एक. या गोळीचं टोक पोकळ आणि वेडंवाकडं असतं, तिथून मोजणं म्हणजे केसांच्या टोकावरून उंची मोजणं.

काही जाणते नेमबाज म्हणतात की वाकडेपणाने काही बिघडत नाही, मानेची पकड असमान होते ती नडते. असेल. माझ्याकडे दोन्ही एकाच ब्रशने सुटलं, त्यामुळे भांडायला पुरावा नाही.

पुंगळ्यांबद्दल एक. सुरुवातीला रेंजवर उचललेल्या मिसळ पुंगळ्या भरत होतो. त्यात लष्करी बनावटीच्याही होत्या. त्यांची भिंत जाड, आतली जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त. मेमधल्या एका दुपारी बोल्ट उचलायला जड गेला, म्हणजे दाब जास्त झाल्याची खूण. काडतुसं उन्हात बेंचवर पडलेली होती, तेही कारण असेल. तिथेच थांबलो, उरलेली एकोणीस घरी आणून हातोडीच्या पुलरने (गोळी उपसून काढायचं अवजार) सुटी केली. आता एकाच कंपनीच्या पुंगळ्या आणि डबा सावलीत.

पैसे वाचले का, तर नाही. वाचले असते ते कॅलिपर, ब्रश आणि फसलेल्या काडतुसांनी खाल्ले. संच परत घेईन का, तर प्रेस, डाय आणि दांडीचा तराजू हो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आता फक्त रिकाम्या पुंगळ्यांची वजनाप्रमाणे विभागणी करतो, तीही पंखा बंद करून.

थंड नळीतली पहिली गोळी अजूनही अर्धा इंच डावीकडे जाते. ती वहीत वेगळ्या रकान्यात लिहितो.