ब्रिस्बेनच्या व्यायामवर्गात आठ महिने: आधी गप्पा, मग व्यायाम

मी फिजिओथेरपिस्ट. गेले आठ महिने ब्रिस्बेनमध्ये ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी, लोकांच्या एका सामुदायिक व्यायामवर्गात काम करते. 'वर्क इट आउट' हा इथला नावाजलेला कार्यक्रम, आमचा वर्ग त्याच धर्तीवरचा. बारा आठवड्यांचं सत्र, दर खेपेला आधी पाऊण तास 'यार्निंग' आणि मग तासभर व्यायाम.

यार्निंग म्हणजे गोल करून मारलेल्या गप्पा. सुरुवातीला मला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटायचा. चुकत होते मी. कुणाची साखर का वाढली, कुणाच्या घरी नातवंडं राहायला आलीत, कुणी गोळ्या मध्येच सोडल्या, हे सगळं तिथे चहा पिता पिता कळतं. तपासणीच्या खोलीत विचारलं तर सगळे "ठीक आहे" म्हणतात.

याआधी मी एका खासगी केंद्रात होते. तिथे ॲबोरिजिनल पेशंट एकदा यायचे, व्यायामाचा छापील कागद न्यायचे आणि पुन्हा दिसायचे नाहीत. आम्ही फाइलवर 'गैरहजर' लिहून मोकळे. 'शेम' हा त्यांचा शब्द मला इथे आल्यावर उमगला. चारचौघांत आपल्या एकट्यावर नजरा खिळल्या की जीव कसा आक्रसतो, ते म्हणजे शेम. आरशांसमोर, अनोळखी तरुण पोरांच्या शेजारी ट्रेडमिलवर चढायचं म्हणजे तेच की! आता मी कुणालाही एकट्याने करून दाखवायला सांगत नाही. सगळे एकदम करतात, मीही.

वडीलधाऱ्या बायकांना आंटी, पुरुषांना अंकल म्हणायची इथली रीत मला शिकावी लागली नाही.

ऑस्ट्रेलियात २०२०–२२ च्या आकडेवारीनुसार या समाजातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ७१.९ वर्षं, म्हणजे इतर पुरुषांपेक्षा ८.८ वर्षांनी कमी. हृदयविकार आणि मधुमेह हे त्यामागचं मोठं कारण. आमच्या एका आंटींना दोन्ही आहेत. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत त्या पहिल्या दिवशी तीनदा भिंतीला टेकल्या. दुसरं सत्र संपताना एकदाही थांबल्या नाहीत आणि शेवटच्या वळणावर "डेडली!" म्हणून ओरडल्या. डेडली म्हणजे झकास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. कुणी वारलं की 'सॉरी बिझनेस'साठी, म्हणजे अंत्यविधी आणि शोकाच्या रीतींसाठी, सगळं गणगोत गावी जातं, दोन-तीन आठवडे परत येत नाही. हजेरीपटावर मात्र ते 'कार्यक्रम सोडला' असं नोंदलं जातं. ते बदलायलाच हवं. शिवाय सत्रात कमावलेला दम दोन सत्रांमधल्या सुट्टीत निम्मा जातो.

आणि बस. मध्यंतरी ड्रायव्हर आजारी होता, दोन आठवडे घरून आणणारी बस आली नाही, तर वर्ग अर्धा रिकामा. असा वर्ग कुणी सुरू करणार असेल तर एक ट्रेडमिल कमी घ्या, पण बदली ड्रायव्हरच्या पगाराची तरतूद पहिल्या दिवसापासून ठेवा.