परस्पर संमतीचा घटस्फोट : वकील एक की दोन?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब खाली पती आणि पत्नी दोघेही अर्जदारच असतात, प्रतिवादी कोणी नसतो. त्यामुळे दोघांनी मिळून एकच वकील नेमला, तर मसुदा एकाच हातून उतरतो आणि फी एकदाच भरावी लागते. मूल नाही, घर भाड्याचे आहे, दोघेही कमावते आहेत आणि स्त्रीधन आधीच परत गेले आहे, अशा जोडप्याला हा मार्ग मी निःशंकपणे सुचवेन.

खरी अडचण संमतीच्या अटींत, म्हणजे दोघांनी लेखी मान्य केलेल्या अटींत असते. ‘पत्नीने पोटगीचा हक्क सोडला आहे’ हे वाक्य मसुद्यात सहज येऊन बसते, आणि त्याच्या बदल्यात तिला काय मिळाले, हे विचारणारे तिथे कोणीच नसते, कारण एका अशिलाला सावध करायचे म्हणजे दुसऱ्याच्या विरोधात सल्ला द्यायचा. दोन वकील असले की हा प्रश्न सहीपूर्वीच निघतो. गृहकर्ज किंवा मुलांचा ताबा ठरवायचा असेल, तर दुसऱ्या वकिलाचा खर्च सोसावाच.

अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते (हा कालावधी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले), आणि घटस्फोटाचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम निर्णय) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. तसे झाले, तर सामायिक वकिलाला एकाची बाजू घेऊन दुसऱ्याविरुद्ध उभे राहता येत नाही आणि दोघांनाही नव्याने वकील शोधावा लागतो. म्हणून एकच वकील ठरला, तरी सहीपूर्वी प्रत्येकाने मसुदा स्वतंत्र वकिलाला दाखवून घ्यावा.